४२.३४ मीटर : आवाज मोठा असणं वेगळं, आवाज कळणं वेगळं

पोस्ट मोठी आहे मंडळी. चहा घेऊन बसा, सावकाश वाचा.

९ सप्टेंबर १९४२ ही तारीख नंदुरबारच्या माणसाला सांगावी लागत नाही. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनःशामदास शहा. पाच पोरं. शिरीषकुमारला सोळावं पूर्ण व्हायला अजून तीनेक महिने होते. दरवर्षी आपण हुतात्मा स्मारकाला फुलं वाहतो, भाषणं ऐकतो आणि घरी जातो.

त्याच दिवसांत, इथून सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटरवर मुंबईत, एक २२ वर्षांची मुलगी माइकसमोर बसून सांगत होती की हे काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातून कुठून तरी. 'कुठून तरी' एवढाच पत्ता. तिचं नाव उषा मेहता. आडनाव शिरीषकुमारचंच आणि मायबोलीही तीच, गुजराती. हा योगायोग.

त्या रेडिओवर पुस्तकं आली, २०२४ मध्ये 'ऐ वतन मेरे वतन' नावाचा सिनेमाही येऊन गेला. सिनेमात धाडस दिसतं, पाठलाग दिसतो. मला मात्र एक साधा, थोडा मेकॅनिकी प्रश्न पडतो. तो आवाज कसा यायचा? समोरच्याला शब्द कळत होते का? कारण चोरून ट्रान्समीटर चालवणं ही अर्धीच लढाई. त्यातून निघालेलं बोलणं घरघर, फसफस, चिरका आवाज ओलांडून ऐकणाऱ्याच्या कानात शब्द म्हणून पोचणं, ही दुसरी अर्धी. तिच्याविषयी फारसं कोणी लिहीत नाही. आज तेच लिहितो. मी इंजिनिअर नाही, पत्रकार आहे. म्हणून सोपं करूनच सांगेन.

आधी हौशी लोकांची गोष्ट

रेडिओ म्हटलं की आपल्याला आकाशवाणी आठवते. पण भारतात रेडिओ आणला तो सरकारने नाही, हौशी लोकांनी. १९२०च्या दशकात कलकत्ता, मुंबई इथे रेडिओ क्लब निघाले. घरी सेट बनवायचे, गच्चीवर तार ताणायची, एकमेकांशी बोलायचं. सरकारकडून परवाना घ्यायचा, त्याच्यासोबत एक हाकेचं चिन्ह मिळायचं. अशा लोकांना आज आपण 'हॅम' म्हणतो. व्यवस्थित प्रसारण कंपनी मुंबईत सुरू झाली ती २३ जुलै १९२७ला, आणि 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं १९३६ला.

१९३९ला दुसरं महायुद्ध पेटलं. इंग्रज सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले आणि ट्रान्समीटर पोलिसांत जमा करायला सांगितले. ज्याच्या हातात ट्रान्समीटर, त्याच्या हातात शत्रूशी बोलायचं साधन, असा हिशोब. मुंबईत नरिमन प्रिंटर नावाचे एक परवानाधारक हौशी होते. त्यांनी आपला सेट उघडून सुटा केला आणि भाग ठेवून दिले. बघणाऱ्याला ते भंगार वाटावं. जाणत्याला मात्र तेच व्हॉल्व्ह, तीच कॉइल, तोच कंडेन्सर.

आता वरचा आकडा परत बघा. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. भारतातल्या हॅम लोकांना आजही ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बोलायला दिलेला आहे. म्हणजे स्वातंत्र्याचं ते चोरटं केंद्र हौशी लोकांच्याच ओळखीच्या गल्लीत बोलत होतं. तिथली हवा कशी वागते, दिवसा आवाज किती लांब जातो, अंधार पडल्यावर कसा बदलतो, हे त्या गल्लीतल्या माणसाला पाठ असतं.

ऑगस्ट १९४२

८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेला पहाटेच गांधीजींसह सगळे पुढारी आत. 'हरिजन' बंद. बाकीच्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री. १६ ऑगस्टला आपल्याच महाराष्ट्रात, विदर्भात चिमूर आणि आष्टीला जे झालं, ते छापायची हिंमत फार थोड्यांची होती.

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात. जिल्ह्याचं ठिकाण धुळे. मुंबई-सुरतेकडची बातमी यायची ती तापी व्हॅली रेल्वेने, वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यातून नाहीतर उतारूच्या तोंडून. गठ्ठ्यातलं वर्तमानपत्र सेन्सॉर झालेलं, आणि तोंडची बातमी गाव बदललं की बदलायची. अशा वेळी अफवा आणि बातमी यांत फरक करायला एकच गोष्ट लागते. बोलणारा कोण आहे ते माहीत असणं आणि तो नेमकं काय म्हणाला ते कळणं.

उषाबेन, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी या तरुणांनी ठरवलं की वर्तमानपत्र बंद तर रेडिओ काढू. ट्रान्समीटर जोडायचं काम प्रिंटर यांच्याकडे. ऑगस्ट संपायच्या आत आवाज हवेत गेला. चौपाटीच्या 'सी व्ह्यू' इमारतीपासून सुरुवात झाली, मग थोड्या थोड्या दिवसांनी बिऱ्हाड हलत राहिलं. गिरगावची पारेखवाडी झाली, शेवटी महालक्ष्मी मंदिराजवळचा पॅराडाइज बंगला. कारण पोलिसांच्या गाड्या हवेतल्या लहरीचा माग काढत फिरत होत्या.

सुरुवातीला 'हिंदोस्तां हमारा'ची तबकडी, मधे हिंदुस्थानी आणि इंग्रजीत बातम्या व भाषण, शेवटी 'वंदे मातरम्'. राम मनोहर लोहिया बोलायचे, आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन बोलायचे. चिमूर-आष्टीची बातमी, जमशेदपूरच्या संपाची बातमी, चितगाववरच्या बॉम्बहल्ल्याची बातमी या रेडिओने दिली.

एएम म्हणजे काय, हे आपल्या भाषेत

आता मेकॅनिकी भाग. घाबरू नका, सगळं आपल्या रोजच्या बघण्यातलं आहे.

रेडिओ केंद्र आधी एक सपाट लहर सोडतं. तिला म्हणतात कॅरियर, म्हणजे वाहक लहर. ती एकटी असेल तर तुमच्या रेडिओत काहीच ऐकू येत नाही, फक्त पाठीमागची खरखर दबते. या लहरीचा जोर बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर कमी-जास्त करायचा, की झालं एएम. तुम्ही 'अ' म्हणालात की लहर फुगते, आकसते, फुगते, आकसते. पलीकडचा रेडिओ तेवढी फुगवटी वाचतो आणि परत 'अ' ऐकवतो.

इथे तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिला घोळ, फुगवटी कमी पडते. वाहक लहर दमदार, पण तिच्यावरचा आवाज पुळचट. ऐकणारा म्हणतो, स्टेशन लागलंय पण बोलतंय काय ते कळत नाही. म्हणजे बैलगाडी रिकामीच बाजारात आली.

दुसरा घोळ उलटा, फुगवटी जास्त होते. लहर आकसताना शून्यावर येऊन तुटते. तुटली की त्या क्षणाचा आवाज कापला जातो, शब्द फाटतात आणि आजूबाजूच्या स्टेशनांवर फसफस पसरते. हे आपण रोज ऐकतो. कुठल्याही सभेत बघा, वक्ता तावात येतो, माइक तोंडात घातल्यासारखा धरतो, ऑपरेटर बटण आणखी पिळतो. भोंगा फाटतो. पहिल्या चार रांगांना दणका बसतो आणि मागच्याला विचारा साहेब काय म्हणाले, तर तो म्हणतो, 'काय कळालं नाही, पण जोरात बोलले.' आमच्या धंद्यात अशी भाषणं टिपून घेणं म्हणजे शिक्षा असते.

तिसरा घोळ घरघरीचा. विजेवर चालणाऱ्या सेटमध्ये वीज नीट गाळली गेली नाही तर तिची गुणगुण आवाजात मिसळते. तारेतून निघालेली ताकद परत माइकच्या वायरमध्ये शिरली तर शिट्टी वाजते, नाहीतर आवाज गुरगुरतो. आणि दर काही दिवसांनी जागा बदलायची म्हटलं की हे सगळं नव्याने जुळवायचं. नवी खोली, नवी वीज, तारेची नवी उंची. आज आवाज स्वच्छ होता म्हणून उद्या असेलच, याची खात्री नाही.

माणसाचं बोलणं कळायला फार मोठा पल्ला लागत नाही. साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये जवळपास सगळे शब्द ओळखता येतात. खालचा घुमारा काढून टाका, वरचा थोडा भाग शाबूत ठेवा. 'स', 'श', 'त', 'च' हे वरच्या भागात राहतात. ते गेले की शब्द ओळखणं अवघड होतं. म्हणून चांगला हॅम माइकवर ओरडत नाही. तो माइक एकाच अंतरावर ठेवतो, एकाच पट्टीत बोलतो, आणि फुगवटी तुटायच्या जरा अलीकडे राहील इतकाच आवाज चढवतो.

भोंगेवाल्यांची कला

व्हॉल्व्हच्या जमान्यात चांगलं एएम करायची नावाजलेली पद्धत अशी होती की ट्रान्समीटरच्या शेवटच्या व्हॉल्व्हला मिळणारी वीजच आवाजाने हलवायची. पण त्याला किंमत होती. शेवटच्या व्हॉल्व्हला जितकी वीज लागते, तिच्या निम्मी ताकद नुसत्या आवाजाची लागते. म्हणजे १०० वॅट वीज खाणारा टप्पा असेल, तर त्याच्याजवळ ५० वॅटचा ॲम्प्लिफायर हवा, आणि तोही स्वच्छ आवाजाचा. हौशी माणूस लहर पाडणारा भाग घरी सहज जोडायचा. खरा खर्च, खरं वजन आणि खरी कटकट आवाजाच्या भागात असायची.

आणि मोठा, स्वच्छ आवाज हा धंदा तेव्हा कोणाचा होता? लाउडस्पीकरवाल्यांचा. काँग्रेसच्या अधिवेशनांत भोंगे लागायचे ते मुंबईच्या 'शिकागो रेडिओ' या मोटवाने कुटुंबाच्या कंपनीचे. लाखाच्या सभेत शेवटच्या माणसाला गांधीजींचा तो बारीक, थकलेला आवाज ऐकू जावा, हे त्यांचं रोजचं काम. या रेडिओच्या खटल्यात कंपनीचे नानक मोटवाने आरोपी होते, पुढे ते निर्दोष सुटले. उषाबेननी नंतर सांगितलेल्या आठवणींतही शिकागो रेडिओवाल्यांच्या मदतीचा उल्लेख आहे.

मला यात एक अर्थ दिसतो. स्वातंत्र्य चळवळीने आवाज पोचवायची कला आधी मैदानावर शिकून घेतली होती. मैदान बंद झालं, माणसं तुरुंगात गेली, तेव्हा तीच कला हवेत गेली. नुसत्या जोशावर ते केंद्र उभं राहिलं नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची कारागिरी होती.

आणखी एक शहाणपणाची गोष्ट. भाषण रेकॉर्ड करायची जागा वेगळी आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी. लोहियांसारखा माणूस ट्रान्समीटरपाशी बसवला तर एका धाडीत सगळंच हातचं जाईल. म्हणून भाषणं तबकड्यांवर घ्यायची आणि ट्रान्समीटरच्या खोलीत वाजवायची. सुरक्षिततेसाठी केलेली ही सोय आवाजालाही फायद्याची. शांत खोलीत, घाई नसताना, चुकलं तर परत बोलून घेता येतं. पाठीमागे पोलीस येतील या धास्तीने धापा टाकत बोललेले शब्द आणि निवांत बोललेले शब्द यांत कळण्याचा फरक पडतोच.

सगळ्यात चांगला साक्षीदार

मग आवाज कळत होता का? याचा पुरावा काँग्रेसच्या माणसांकडे शोधू नका. तो दिला पोलिसांनी.

सरकारची माणसं रोज त्या लहरीवर कान लावून बसायची आणि जे ऐकू येईल ते उतरवून घ्यायची. तीच टिपणं पुढे पुरावा झाली. उषा ठक्कर यांनी २०२१ला काँग्रेस रेडिओवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात ही प्रक्षेपणं आज वाचायला मिळतात. वाक्यंच्या वाक्यं, मुद्दे, बातम्या. ज्यांना तो आवाज बंद करायचा होता, त्यांनीच तो आपल्यासाठी जपून ठेवला. फाटक्या, घरघरत्या आवाजातून अशी पानं भरत नाहीत. पत्रकार म्हणून सांगतो, न कळलेल्या भाषणाची टिपणं कशी दिसतात ते मला ठाऊक आहे. दोन शब्द, मग टिंबं, मग प्रश्नचिन्ह.

त्याच वर्षी सुभाषबाबू जर्मनीतून आझाद हिंद रेडिओवर बोलत होते. त्यांच्यामागे एका सरकारची ताकद होती, मोठाले ट्रान्समीटर होते. मुंबईच्या पोरांकडे जुळवून आणलेलं सामान होतं, आणि वर सरकारी रेडिओ त्यांच्या लहरीवर गोंगाट सोडून आवाज दाबायचा प्रयत्न करी. ऑल इंडिया रेडिओच्या आद्याक्षरांचा उषाबेन आणि मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' असा अर्थ लावायची, ते उगाच नाही. अशा गोंगाटात ताकद वाढवणं हातात नसतं. हातात असतं ते फक्त आपलं बोलणं नीटनेटकं ठेवणं.

१२ नोव्हेंबर १९४२च्या संध्याकाळी पॅराडाइज बंगल्यावर धाड पडली. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले होते आणि त्यांनीच जागा दाखवली. ज्याने आवाज दिला, त्यानेच पत्ता दिला. माणसाचं असं असतं, त्यावर मी न्याय करणार नाही. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी आत होते, 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. बंद करा म्हटल्यावरही त्यांनी ती बंद केली नाही.

खटल्यात बाबूभाई खाकरांना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाबेन १९४६ला बाहेर आल्या, पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ला पद्मविभूषण मिळालं आणि ११ ऑगस्ट २०००ला त्या गेल्या. रेडिओ चालला तो जेमतेम तीन महिने.

त्या तीन महिन्यांच्या आतच आपला ९ सप्टेंबर येतो. नंदुरबारच्या पोरांकडे ट्रान्समीटर नव्हता. त्यांच्याकडे झेंडा होता आणि घोषणा होती. ती घोषणा त्यांच्या घरच्या गुजरातीत होती, आणि या गावात गुजराती, अहिराणी, मराठी, भिली एकाच बाजारात चालतात, त्यामुळे ती सगळ्यांना कळली. गोळी घालणाऱ्यांनाही कळली असणार. कळली नसती तर गोळी घालायची गरज पडली नसती.

आजचा सेट, जुनाच प्रश्न

महायुद्ध संपल्यावर हौशी लोकांना परवाने परत मिळाले. पुढे त्यांच्यात एएम मागे पडलं आणि सिंगल साइडबँड आलं. कारण हिशोबाचं आहे. एएममध्ये फुगवटी पूर्ण असली तरी दोन तृतीयांश ताकद नुसती वाहक लहर खाते, आणि ती काही बोलत नाही. सिंगल साइडबँडमध्ये वाहक लहरच काढून टाकतात, ताकद सगळी बोलण्याला मिळते. तोटा एवढाच की साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर ते बोलणं बदक कुरकुरल्यासारखं येतं. एएम मात्र जुन्या, साध्या रेडिओवरही माणसासारखं ऐकू येतं. म्हणून जगभर काही हौशी आजही मुद्दाम एएमवर बोलतात. त्यांना तो भरीव, घरगुती आवाज आवडतो.

त्यांचा सगळ्यात मोठा घोळ कुठे होतो माहितीये? नवा सेट १०० वॅटचा असतो, म्हणून एएमवरही वाहक लहर १०० वॅटवर लावतात. पण फुगवटी पूर्ण झाली की क्षणभर चौपट ताकद लागते. १०० वॅटच्या सेटने ४०० कुठून आणायचे? मग सेट स्वतःला वाचवायला आवाज दाबतो किंवा कापतो. उपाय उलटा आहे. वाहक लहर २५ वॅटवर आणायची, फुगवटीला वर जागा ठेवायची. मग माइकचं बटण हळूहळू चढवायचं, आवाज दाबून सपाट करणारी बटणं आधी बंद ठेवायची, वीज नीट गाळायची, माइकची वायर ताकदीच्या वायरीपासून लांब ठेवायची. मीटरवर आकडा लहान दिसतो, समोरच्याला मात्र बोलणं स्वच्छ कळतं.

ताकद एक चतुर्थांश केली की आवाज सुधारतो, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनाला सांगायला हवी. आपल्याकडे सगळी धाव मीटरच्या काट्याकडे आहे. किती भोंगे, किती डीजे, किती फॉलोअर. बोलण्याला जागाच ठेवत नाही.

सातपुड्यात काय?

आता घरचं बोलतो. आपला जिल्हा १ जुलै १९९८ला वेगळा झाला. २९ सप्टेंबर २०१०ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. ओळखीच्या बाबतीत आपण देशात पहिले. पण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या वरच्या पाड्यांवर, नर्मदेच्या काठावर, मोबाइलची रेंज कुठे लागेल यासाठी माणूस आजही ठरावीक टेकडी, ठरावीक दगड शोधतो. निवडणुकीत अशा मतदान केंद्रांना सरकारी कागदात 'शॅडो एरिया' म्हणतात आणि तिथे वायरलेस सेट पाठवतात. मतदानाचा दिवस संपला की सेट परत येतात. बाळंतीण अडली, साप चावला, दरड कोसळली, घाटात गाडी गेली, तर हे निवडणुकीचं वेळापत्रक बघून होत नाही.

आपत्तीत हौशी रेडिओ काय करतो याचे दाखले आहेत. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात फोन मेले तेव्हा हॅम लोकांनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ला भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच एका मोहिमेसाठी अंदमानात होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि मौजेसाठी नेलेले सेट बाहेरच्या जगाशी बोलायचं साधन झाले.

हे जादूचं साधन नाही, हेही सांगतो. हौशी परवान्यावर गावाला बातम्या ऐकवता येत नाहीत, ते प्रसारण होतं आणि त्याला मनाई आहे. धंदा करता येत नाही, राजकारण करता येत नाही. परवाना नसताना सेट चालवला तर गुन्हा आहे. पण परवाना मिळवणं अवघड नाही. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते, वय १२ पूर्ण लागतं, थोडं विजेचं आणि रेडिओचं ज्ञान, थोडे नियम. खालच्या श्रेणीला मोर्स कोडचीही अट नाही. सेट महाग वाटत असेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचा घरी जोडता येणारा सेट कधीच जगासमोर ठेवला आहे. आयटीआयच्या पोराला तो जोडता येईल.

म्हणून तीन गोष्टी मांडतो. पटल्या तर आपापल्या ओळखीत बोला.

एक. जिल्ह्यातल्या सायन्स कॉलेजांनी आणि आयटीआयनी मिळून एक रेडिओ क्लब काढावा. दरवर्षी दहा-वीस मुलंमुली परीक्षेला बसली तरी पाच वर्षांत प्रत्येक तालुक्यात परवानाधारक माणूस असेल.

दोन. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात या माणसांची नावं, त्यांचे सेट आणि ठरलेली वेळ यांची नोंद व्हावी. नंदुरबार, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, शहादा अशी सहा ठिकाणं आठवड्यातून एकदा जरी एकमेकांशी बोलली, तरी पावसाळ्यात कोण कुठे आहे ते कळेल. बोलायचा सराव आधीपासून लागतो. संकटाच्या दिवशी माइक हातात घेणारा हमखास ओरडतो, आणि ओरडलेलं कळत नाही.

तीन. पावरी आणि भिलीत नीट बोलू शकणारी पोरं यात हवीतच. वरच्या पाड्यावरून निरोप येईल तो प्रमाण मराठीत येणार नाही. सेट कितीही स्वच्छ असला आणि ऐकणाऱ्याला भाषाच आली नाही, तर ती घरघरच.

१९३९ला सरकारला भीती होती की सामान्य माणसाच्या हातात ट्रान्समीटर राहिला तर काय होईल. आज तसा मनाईहुकूम नाही. परीक्षा आहे, अर्ज आहे, पट्टाही तोच आहे, ७ मेगाहर्ट्झचा. आपल्या जिल्ह्यातून त्यावर नियमित कोणी बोलत असेल, किंवा परवाना काढायची कोणाची इच्छा असेल, तर खाली कमेंटमध्ये लिहा. शिकवायला तयार असलेले फिजिक्सचे सर-मॅडमही लिहा. दहा नावं जमली की एका कॉलेजच्या वर्गात बसू, बाहेरून एखाद्या जाणत्याला बोलावू आणि पहिला धडा घेऊ. माइक किती अंतरावर धरायचा, तिथून सुरुवात.